एका विधुराचा अर्ज

एके दिवशी सकाळी बायकोने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. मीठ, साखर, चहा, हळद. अडतीस वर्षं त्याच डब्यांतून न बघता मीठ काढणाऱ्या बाईला नावं कशाला हवीत? मी विचारलं तर म्हणाली, "तुमच्यासाठी." मी म्हटलं, "मी कशाला येतोय इथे?" ती म्हणाली, "तेच तर म्हणते मी."

तेव्हाच माझ्या डोक्यात संशयाचा किडा वळवळायला लागला. मग तिने मला मशीनसमोर उभं करून कपडे कसे धुवायचे ते शिकवलं. एकदा नाही, तीनदा. मग चहा शिकवला. माझा पहिला चहा तिने तोंडात धरला आणि सरळ बेसिनमध्ये थुंकला, पण रागावली नाही. उलट "जमेल हळूहळू" म्हणाली. बायको चुकीवर रागावत नाही म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं कोणत्याही नवऱ्याला कळतं.

मला तर जास्तच कळतं. मी एकतीस वर्षं आरोग्य विम्याच्या कंपनीत दावे तपासले. लोक दवाखान्याची बिलं पाठवायचे आणि मी त्यांतली लबाडी शोधायचो. आधीचा आजार लपवून विमा काढलेली माणसं मी शेकड्यांनी पकडली. ऑफिसात मला 'गाळणी' म्हणायचे, तेही तोंडावर. मला त्याचा अभिमान होता. आहेही, उगाच खोटं कशाला बोलू?

आमच्या कामाची एक पद्धत होती. संशय आला की त्या माणसाला काही विचारायचं नाही. आधी शेजारी, मग कागद, आणि तो माणूस सगळ्यात शेवटी. आधीच विचारलं की माणूस सावध होतो. बायकोच्या बाबतीतही मी हेच करायचं ठरवलं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

समोरच्या दारातल्या शिंपीणबाईंकडे मी पँटची शिलाई उसवल्याचं निमित्त काढून गेलो. पाच मिनिटांत त्यांनी सांगितलं की गेले दोन महिने वहिनी गुरुवारी दुपारी, मी झोपलो की, बाहेर जातात आणि मी उठायच्या आत परततात. "बँकेत जात असतील," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण बँकेचं सगळं मीच बघतो. घरातला एकही कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही.

कागद शोधावाच लागला नाही. ती आंघोळीला गेलेली असताना तिचा फोन वाजला आणि मी उचलला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्या त्या आजोबांसाठी बारा नंबरची खोली मिळेल. खिडकीची बाजू आहे. एकट्याचीच खोली हवी होती ना?" मी घसा खाकरून 'राँग नंबर' म्हटलं, पण आधी संस्थेचं नाव ऐकून घेतलं. वृद्धांची निवासी संस्था होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मशीन, चहा, चिठ्ठ्या हे सगळं मला पोसायचं ओझं उतरवायची तयारी होती तर! परगावी राहणारी मुलगीही यात सामील असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. दोघी मायलेकी रविवारी तासभर फोनवर काय कुजबुजतात, ते आता कळलं. मी निवृत्त होऊन सव्वा वर्षही झालं नव्हतं, आणि मला बारा नंबरमध्ये ठेवायचं पक्कं झालं होतं.

तरीही मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी फिरायला जातो सांगून त्या संस्थेत गेलो. जागा वाईट नव्हती, ते मला आणखी झोंबलं. व्हरांड्यात चार खुर्च्या, भिंतीला धरून चालायला कठडा, औषधांचा वेगळा कप्पा. व्यवस्थापिका चष्मा कपाळावर ठेवून बोलत होती. मी मोठ्या भावासाठी चौकशी करतोय असं सांगितलं आणि भरलेला अर्ज कसा दिसतो ते बघायला मागितलं. ही युक्ती मी तीस वर्षं वापरली होती. तिने बारा नंबरचाच अर्ज पुढे केला, नाव झाकायला त्यावर बोट ठेवून.

बोट मध्येच घसरलं. नाव माझंच होतं. अक्षर बायकोचं होतं.

'स्वभाव' या रकान्यात लिहिलं होतं: चिडका, पण मनात ठेवत नाहीत. 'आहार': जे वाढाल ते खातात, फक्त ताटात गार झालेलं चालत नाही. 'विशेष सूचना': त्यांचे कागद कुणी हलवू नयेत. 'कधीपासून': पुढच्या वर्षी, तारीख नंतर कळवू. आणि 'वैवाहिक स्थिती' या रकान्यात, स्पष्ट अक्षरात: विधुर.

"बिचारे," व्यवस्थापिका म्हणाली. "त्यांच्या मेहुणीने भरलाय अर्ज. फार जीव लावतात हो त्यांना. दर आठवड्याला येऊन काहीतरी विचारून जातात. दाढीला गरम पाणी मिळेल का, वर्तमानपत्र किती वाजता येतं."

मी अर्ज परत दिला. खरं सांगतो, त्या क्षणी मला दुःख झालं नाही. मला आनंद झाला. खोटं निवेदन, लेखी, सहीसकट! एवढा चोख पुरावा मला नोकरीतही क्वचित मिळाला होता. घरी येईपर्यंत मी मनात सगळे प्रश्न क्रमाने लावून ठेवले होते.

ती पलंगावर बसून उशांना धुतलेले अभ्रे चढवत होती. मी दारातच उभा राहिलो.

"मी विधुर कधीपासून झालो?"

तिचे हात थांबले. मला वाटलं होतं की ती गडबडेल, रडेल, निदान मुलीवर ढकलेल. तिने अभ्रा पूर्ण चढवला आणि उशी बाजूला ठेवली.

"नवरा-बायको दोघंही असतील तर एकट्याला घेत नाहीत ते," ती म्हणाली. "नियम आहे त्यांचा. म्हणून तसं लिहिलं."

"म्हणजे मला घालवायला तू कागदावर मेलीस?"

"पुढच्या वर्षीपर्यंत ते खरं झालं, तर तेव्हा कुणी धावपळ करायची? तुम्हाला साधा चहा येत नाही अहो."

मला काही कळेना. तिने माझा हात ओढला आणि काखेच्या जरा पुढे, छातीपाशी दाबून धरला. हाताला गाठ लागली. लहान नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुम्ही निवृत्त झालात, त्या नव्या विम्याच्या कागदावर माझी सही घेतलीत ना, त्याच आठवड्यात लागली हाताला. चौदा महिने झाले."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठला डॉक्टर? डॉक्टरकडे गेलं की कागद होतो आणि कागदावर तारीख पडते. तुम्हीच सांगायचात." ती शांतपणे बोलत होती, माझंच बोलणं मला समजावून सांगत होती. "पुस्तिका वाचली मी. पहिली दोन वर्षं आधीच्या आजाराचे पैसे देत नाहीत. चौदा महिने झाले, दहा राहिले. तेवढे काढले की जायचं आणि आत्ताच कळलं म्हणायचं. नाही निघाले तर निदान तुमच्या म्हातारपणाचे पैसे शिल्लक राहतील. माझ्यावर सगळे उडवले, तर बारा नंबरचे कुठून भरायचे?"

"मुलीला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"मला तरी सांगायचंस!"

"तुम्हाला?" ती पहिल्यांदाच चिडली. "तुम्ही लगेच फॉर्मवर लिहिलं असतंत. नसतं लिहिलंत? त्या शाळामास्तरांच्या बायकोचा दावा तुम्ही उडवलात, ते ताटावर बसून हसत हसत सांगितलं होतंत. त्या गवंड्याचं, त्या नर्सचं. एकतीस वर्षं मी तेच ऐकलंय. आजार लपवला तरी पकडतात आणि सांगितला तरी पैसे देत नाहीत."

दहातले नऊ दावे मी मंजूर करायचो. सही करायची आणि पुढची फाइल ओढायची. त्यांत सांगण्यासारखं काही नसायचं, म्हणून ते घरी कधी सांगितले नाहीत. घरी फक्त पकडलेल्यांच्या गोष्टी आल्या, मीठमसाला लावून. पैसे मिळाले आणि बायको बरी झाली, असा एकही माणूस माझ्या बायकोने आमच्या जेवणाच्या टेबलावर ऐकला नव्हता.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. दोन वर्षांची ती अट नव्याने विमा काढणाऱ्यांना होती. मी नोकरीतलाच विमा एका दिवसाचाही खंड पडू न देता पुढे चालू ठेवला होता. एकतीस वर्षं जमेस धरली होती. आम्हाला अटच नव्हती. कोणताही आजार, पहिल्या दिवसापासून. तसं एका वेगळ्या पानावर लिहून आलं होतं आणि ते पान माझ्या फायलीत होतं. तिने तेव्हा विचारलंही होतं, "यात काय काय आहे?" मी म्हटलं होतं, "सही कर. तुला नाही कळायचं त्यातलं."

चौदा महिन्यांपूर्वी ती दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊ शकत होती.

"काय झालं?" तिने विचारलं. आता ती माझ्याकडे संशयाने बघत होती. "असे पांढरे का पडलात? दहा महिने थांबूनही देणार नाहीत का ते?"

मी आयुष्यात हजारो माणसांना खोटं बोलताना पाहिलंय. खोटं बोलणारा नजर चुकवतो असं लोक समजतात. तसं नसतं, तो जरा जास्तच रोखून बघतो. मी तिच्याकडे रोखून बघितलं.

"ती पुस्तिका जुनी आहे," मी म्हणालो. "नियम बदललाय. आता एकाच वर्षाची अट आहे. दोन महिन्यांपूर्वीच संपली."

"नक्की?"

"एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

तिने भला मोठा श्वास सोडला. सगळं अंग सैल पडलं तिचं. खूप दिवसांनी ती माझ्याकडे बघून हसली.

"म्हणजे वर्षभर थांबले ते बरोबरच केलं मी?"

"बरोबरच केलंस."

"नंतरचे दोन महिने मात्र फुकट गेले." तिने कपाळावर हात मारला. "वेडीच मी. तुम्हाला विचारलं असतं तर एवढे तरी वाचले असते."

मी हो म्हणालो आणि तिला म्हटलं, "चल, आत्ताच जाऊ." ती कपडे बदलायला आत गेली. आतून तिने विचारलं की कागद कुठले घ्यायचे बरोबर, आणि मी सांगितलं की तू काही घेऊ नकोस, फाइल मीच घेतो.