कोनाड्याच्या मापाची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. लांबीला दोन फूट आणि पंचावन्न लिटर पाणी मावेल एवढी. दातांच्या दवाखान्यामागच्या अडगळीच्या खोलीत मी पडून आहे. माझ्या पोटात जुने एक्स-रे आणि एक तुटका टेबलफॅन ठेवला आहे.

एका काचवाल्याने मला घडवले. त्याने पाच काचा कापल्या, कडा घासल्या, मला जोडले आणि पाणी भरून दोन दिवस नुसते ठेवून दिले. एक थेंबही गळला नाही. ही कुणाला दगा देणार नाही, असे तो म्हणाला आणि मी भलतीच फुशारले. माझे माप कुठून आले हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. दातांच्या डॉक्टरांनी, पेशंट बसतात त्या खोलीतला कोनाडा टेपने मोजून ते पाठवले होते.

माझ्यात समुद्रासारखे खारे पाणी भरले गेले आणि मग निळोबा आला. गडद निळा, पिवळ्या शेपटीचा, जेमतेम दोन बोटांएवढा. हे नाव डॉक्टरांच्या मुलीने ठेवले. माशांच्या दुकानातल्या काकांनी बजावले होते की हा मासा वितीहून मोठा होतो, त्याला माणसाच्या उंचीएवढी लांब टाकी लागते. या टाकीत इवल्या जातीचे दोन मासे ठेवा, ते सुखाने राहतील. पण डॉक्टरांनी मनाशी पक्के केले होते की मासा टाकीच्या मापानेच वाढतो. शिकलेल्या माणसाने एकदा असे ठरवले की त्याच्यापुढे कोणाचे काय चालणार?

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. गाल सुजलेली माणसे माझ्यासमोर बसून कण्हणे विसरायची. रडणारी मुले काचेला नाक लावून गप्प व्हायची. रोज सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी माझी काच पुसत आणि निळोबाशी घरच्या लेकरासारखे बोलत. त्यांची पावले ऐकली की तो धावत पुढे यायचा.

तो वाढत गेला. दीड वर्षात तळहाताएवढा झाला. शेपटी दोनदा हलवली की काच, वळला की पुन्हा काच. दिवसभर त्याचे नाक माझ्या अंगावर आपटायचे. मित्रांनो, ते मला सोसवत नसे. मी सरकणार तरी कुठे? त्याचा निळा रंग फिका पडला, अंगावर पांढरे ठिपके आले.

"बाबा, तो सारखा वळतोच आहे. त्याला पोहायला जागाच नाही," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनाही ते दिसत होते. दुकानातल्या काकांनी निळोबाला आपल्या मोठ्या टाकीत न्यायची तयारी दाखवली. मुलगी रडली, पण हो म्हणाली. डॉक्टरांनी सांगितले, सुट्टीवरून आलो की देऊ. दहा दिवसांचा तर प्रश्न होता.

निघताना त्यांनी मावशींना खाऱ्या पाण्याचा कॅन दाखवला. टाकीतले पाणी उतरेल तेवढे यातलेच घालायचे. मावशींनी ते नीट लक्षात ठेवले. मित्रांनो, इथेच घात झाला. उन्हाळ्यात वाफ होते ती नुसत्या पाण्याची. मीठ मागेच राहते. भर घालायची ती गोड्या पाण्याची. डॉक्टर स्वतःही हीच चूक करत, पण दर रविवारी खारेपणा मोजून बरेच पाणी बदलत, म्हणून ती झाकली जाई. मोठ्या टाकीत अशा चुकीला निदान थोडी सवड मिळते. माझ्यात ती नव्हती.

मावशी एक दिवसही चुकल्या नाहीत. रोज दोन मोठे मग पाणी, तेही हळूच, त्याला धक्का लागू नये म्हणून. माझे पाणी रोज अधिक खारट होत गेले. निळोबा आधी कोपऱ्यात बसू लागला, मग त्याने खाणे सोडले. घाबरून मावशींनी डॉक्टरांना फोन लावला, तो लागला नाही. नवव्या दिवशी दुपारी तो आडवा झाला. मावशी माझ्यासमोर जमिनीवर बसून राहिल्या.

घरची मंडळी परतली. दुकानातल्या काकांनी येऊन पाणी तपासले आणि रोजच्या खाऱ्या भरीने मीठ वाढत गेल्याचे सांगितले.

"माझ्याच हातनं गेला हो तो," मावशी म्हणाल्या.

"नाही मावशी, तुम्ही मी सांगितलं तेच केलंत," डॉक्टर म्हणाले. "मी कोनाड्याचं माप घेतलं. माशाचं घेतलंच नाही."

मुलीने मावशींचा हात धरला.

त्याच आठवड्यात मला इथे आणून ठेवले. काचवाला म्हणाला तशी मी कधी गळले नाही, फुटले नाही. तरी ज्याला मी पोटाशी धरले, तो माझ्यातच गुदमरला. याचे दुःख मला शेवटपर्यंत राहील.

तेव्हा मित्रांनो, दुकानात बोटाएवढा मासा आवडला तर आधी विचारा, मोठा झाल्यावर हा केवढा होतो? तेवढी जागा नसेल, तर त्याला दुकानातच पाहा आणि घरी या. मावशी अजून इथे येतात, माझ्यावरची धूळ झटकतात. त्यांना सगळ्यांनी समजावले की चूक तुमची नव्हती. त्या हो म्हणतात. पण मला पुसताना फडके ओले करायला त्यांचा हात अजून धजत नाही.