बेसूर चाक

राघवेंद्र मास्तरांनी नवी कोरी विलायती सायकल तुळजापुरात आणली, तेव्हा चाकांची चमक बघायला सगळी आळी जमली. मल्हारी गोंधळी मात्र खाली बसला आणि तुणतुणं छेडावं तशी चाकाची एकेक तार नखानं छेडत गेला.

"पुढचं झ्याक हाय, मास्तर. मागचं बेसूर. सात तारा ढिल्या हायेत."

"कालच दुकानातून आणलीय! तुला सायकल तरी येते का?" मास्तर खेकसले.

"न्हाय. पर तार कळती."

त्याला खोटं पाडायलाच मास्तर तरातरा सायकलच्या मिस्त्रीकडं गेले. मिस्त्रीनं चाक फिरवून पाहिलं आणि मोजून सात तारा आवळल्या. "डबलसीट घाट उतरला असतात, तर मागचं चाकच बसलं असतं," तो म्हणाला.

 दुसऱ्याच दिवशी बायकोला, चारुशीलेला मागं बसवून मास्तर घाट उतरणार होते. लग्नाला महिना झाला होता. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालणं त्यांनी जुनाट चाल म्हणून टाळलं होतं.

ते सायकल घेऊन उलट पावली मल्हारीच्या दारात आले आणि हात जोडून म्हणाले, "मल्हारराव, आमच्या घरी गोंधळाला याल का?"

मल्हारीनं खाली बसून मागच्या चाकाच्या सगळ्या तारा पुन्हा छेडल्या, मगच मान वर केली.

"येतो की. आता बसवा बाईंस्नी मागं."