महामाया सिस्टरच्या पाळण्याची दोरी

मी पाळण्याची दोरी बोलतेय. पाळणा बोलला असता तर तुम्ही कौतुकानं ऐकलं असतं. त्याची गाणी असतात, त्याचं बारसं असतं. दोरीचं काय, एक टोक पाळण्याला आणि दुसरं कुणाच्या तरी हातात. पण माझं दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात होतं, आणि ती अंगठावाली बाई शिकत होती. तेवढ्या भांडवलावर बोलायला उभी राहिलेय. जमेल की नाही, माझं मलाच ठाऊक नाही.

माझा जन्म जनकाबाईंच्या हातचा. दुसरबीडजवळच्या एका गावात आरोग्य उपकेंद्राला लागून नर्सचं क्वार्टर आहे; एक खोली, एक स्वयंपाकघर. जनकाबाईंची सून महामाया तिथली सिस्टर. मुलगा संघपाल ट्रकवर, पंधरा दिवसांनी उगवायचा. नात झाली, तिचं नाव समता ठेवलं, आणि जनकाबाईंनी आपली दोन जुनी लुगडी फाडून तीन पदरी वेणी घातली. ती मी. "बाजारातली नायलॉनची दोरी पोरीच्या अंगाले टोचते," म्हणाल्या. मी पोरीच्या अंगाला लागणारच नव्हते, पण हे त्यांना सांगायचं कुणी? जनकाबाई बोलायला लागल्या की मध्ये सुईसुद्धा शिरत नाही.

समता चार महिन्यांची झाली आणि महामायानं ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. नोकरी करणाऱ्या नर्सांसाठी, नवजात बाळांच्या देखभालीचा, सहा महिन्यांचा.

त्यामागं एक बाळ होतं. उपकेंद्रात जन्मलं, पण रडलंच नाही. तिला येत होतं ते सगळं तिनं केलं. रुग्णवाहिका आली, बाळ मेहकरच्या दवाखान्यात पोचलं, जगलंही. पण वर्षाचं झालं तरी मान धरेना. गावानं तिला बोल लावला नाही. तिचा तिनंच लावला.

"मला येत होतं तेवढं केलं, आत्याबाई," ती एकदा सासूला म्हणाली. "यायला पाहिजे होतं तेवढं नाही केलं."

संध्याकाळी सातला तास असायचा. रेंज फक्त खिडकीजवळ. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला, वही मांडीवर, मी अंगठ्यात. तिकडून प्रतीक्षा मॅडम शिकवायच्या. बाळ आधी कोरडं करा, ऊब द्या, मान सरळ ठेवा, पहिलं मिनिट वाया घालवू नका. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. महामायाला मात्र स्वतःचा भरवसा नव्हता. प्रश्न टाईप करायची, पुन्हा वाचायची, पुसून टाकायची. "आपलाच प्रश्न येडपट असंल," असं पुटपुटायची आणि दुसऱ्या कुणी तोच विचारला की कपाळावर हात मारायची. पण तास एकही बुडवला नाही. लसीकरणाच्या दिवशी पायांचे तुकडे पडायचे, तरी सात वाजता मी अंगठ्यात असायचेच.

परीक्षाही मोबाईलवरच, कॅमेऱ्यासमोर. चेहरा हलता कामा नये, दुसरा आवाज येता कामा नये. तीन ताकिदी झाल्या की पेपर बंद, पुढची संधी वर्षानं.

आठ दिवस आधी सरावाची परीक्षा झाली. सहा मिनिटांत पेपर बंद! संशयास्पद हालचाल म्हणे. महामायानं स्वतःचं चित्रण पाहिलं आणि हसावं की रडावं तिला कळेना.

"आत्याबाई, मी तर डोलतेय!"

खरंच डोलत होती. पुढं-मागं, पुढं-मागं. सहा महिने अंगठ्यानं मला ओढता ओढता तिचं अख्खं अंगच पाळणा झालं होतं. मला सोडून बसली तरी प्रश्न वाचताना डोलायचीच. दोष कुणाचा? माझाच. मी मान खाली घालून लोंबकळत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून बाई डोक्यावर पाण्याची वाटी ठेवून अभ्यासाला बसली. पहिल्या दिवशी तीनदा भिजली.

"हंडा देऊ का?" जनकाबाईंनी विचारलं.

"द्या. पण हलणार नाही मी आता."

चौथ्या दिवशी वाटी सांडायची थांबली. पण समताचं काय? दात येत होते. शेजारी नेली की गाव गोळा करायची. याच खोलीत, याच पाळण्यात आणि आईच्याच लयीत झोपायची.

"मी ओढते ना दोरी. माह्या चार लेकरायले मीच झुलवलं. तवा कोनता मोबाईल होता?"

जनकाबाईंनी ओढलं ते जात्याच्या खुंट्यासारखं, गरागरा, वरून मोठ्यानं गाणं. पोरगी किंचाळत उठली. मग सुनेनं सासूची शिकवणी घेतली. "हळू. ओढा... सोडा. आणि आत्याबाई, गाणं मनात."

"मनात कसं म्हनतेत वं गानं?"

"जसा मी पेपर मनात वाचणार तसं."

परीक्षेच्या आदल्या दिवशी जनकाबाई पास झाल्या.

परीक्षा सकाळी अकराला. मला आणखी एका लुगड्याची पट्टी जोडून लांब केलं. पाळण्यातून निघाले, महामायाच्या खुर्चीपाशी जमिनीवरून सरपटत खिडकीतून बाहेर, ओट्यावर बसलेल्या जनकाबाईंच्या हातात. दोन तास त्यांनी तोंड उघडायचं नव्हतं. अख्ख्या जन्मात न केलेलं व्रत.

पाऊण तास छान गेला. मग शेजारची वंदना हापशावर निघाली.

"काऊन वं मावशी? खिडकीत गळ टाकून मासोया धरून राह्यली का?"

आत मोबाईलनं पहिली ताकीद दिली. जनकाबाईंनी नुसते डोळे वटारले.

वंदना जवळ येऊन कुजबुजली, "अवं बोल ना! काय झालं?"

जनकाबाईंनी हातानं जा-जा केलं. वंदनानं त्या हाताकडं पाहिलं, मिटल्या तोंडाकडं पाहिलं. जनकाबाई आणि गप्प? तिनं घागर तिथंच टाकली आणि पळाली. पाच मिनिटांत गावभर झालं, जनकाबाईची वाचा गेली. पारावर पोचेपर्यंत तोंडही वाकडं झालं होतं.

माजी सरपंच उत्तमराव धावत आले. माणूस भला, पण आवाज असा की माईक नको. दुरूनच ओरडले, "सिस्टर! ओ सिस्टर! तुमच्या सासूले लकवा मारला!"

दुसरी ताकीद.

महामायाचं मोबाईलवरचं बोट थांबलं. खुर्ची मागं सरकायला आली ती मला कळली. उठली तर पेपर गेला, वर्ष गेलं. न उठावं तर बाहेर सासू, आणि ती स्वतः नर्स. मान वळवायची सोय नव्हती. तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती.

तिनं चप्पल सोडली आणि पाय माझ्यावर ठेवला.

नाडी पाहतात तसा. मी ओढली जात होते. ओढ... सोड. ओढ... सोड. एकाही ठोक्याची चूक नाही, ताकद सारखी, तिनंच शिकवलेली लय. पाय माझ्यावर तसाच ठेवून तिनं वीस ठोके मोजले. लकवा मारलेला हात असा चालत नसतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं पाय उचलला, पुढचा प्रश्न वाचला आणि उत्तरावर बोट टेकवलं. चेहरा पाण्याच्या वाटीसारखा स्थिर.

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी बोललो आणि कुणीतरी ते ऐकलं.

बाहेर जनकाबाईंनी मला न सोडता, मोकळ्या हातानं उत्तमरावांचं तोंड दाबलं होतं आणि नजरेनंच खाली बसवलं होतं. मागून आलेली दहा-बारा माणसंही बसली. का गप्प बसायचं ते कुणालाच कळत नव्हतं, पण सगळे गप्प. मी चालत राहिले.

एक वाजता पेपर जमा झाला. महामाया दारातून धावतच बाहेर आली. "आत्याबाई, बोला आता!"

दोन तासांचं तुंबलेलं धरण फुटलं. "मेल्याहो, जित्तेपनी मले लकवा मारला? आन तू वं वंदने, मासोया म्हने!"

"वयनी, तुमी गप बसल्यावर मानूस भेईनच ना," उत्तमराव मिशीतल्या मिशीत म्हणाले.

महामाया सासूचा हात हातात घेऊन बसली. "तुमचा हात चालू होता म्हणून मी आत बसले."

"आन बंद पडला असता तर?"

"तर उठले असते. पेपर गेला तर गेला. पुढल्या वर्षी पुन्हा बसले असते."

"म्हनून तर पडू देल्ला नाही," जनकाबाई म्हणाल्या आणि सुजलेली बोटं पदराखाली लपवली.

निकाल लागला. महामाया पास झाली. फार मोठे मार्क नाहीत. तीन प्रश्न आपण घाईत चुकवले, हे ती आजही मोजून सांगते. पुढचे पंधरा दिवस बुलढाण्याला प्रात्यक्षिक आहे, खऱ्या बाळांच्या कक्षात. ते झालं की पुढच्या कोर्सचा अर्ज भरायचा आहे, तो तिनं आताच उशाखाली ठेवलाय. जनकाबाई सोबत चालल्यात, समताही. ती आता भिंत धरून चालते, पाळण्यात ठरत नाही.

मी पीळ सैल झालेली, मधे दोन ठिकाणी कातरलेली. तरी मला फेकलं नाही, सकाळच्या बससाठी वळकटी बांधायला घेतलंय. तुम्हाला एकच विनंती. कुणा सिस्टरच्या, कुणा आईच्या दारी अवेळी शांतता दिसली तर हाक मारण्याआधी जरा थांबा. आत कुणाचा तरी पेपर चालू असेल.

जनकाबाईंनी गुडघा रोवलाय, गाठ आवळतायत. मी घट्ट बसतेय. निघतो आम्ही.