चारुदत्तरावांचं ड्रोनयुद्ध

चारुदत्तराव आयुष्यभर लेखा खात्यात होते. टाचणीहून धारदार शस्त्र त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं, आणि तीही बोटात रुतली की पद्मजाबाईंना हळदीचा डबा घेऊन धावावं लागे. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नातवंडं खेळवतात. हे युद्धतज्ज्ञ झाले. सीमेवर ड्रोन उडाल्याच्या बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या आणि यवतमाळातल्या त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्यामागे जगाचा नकाशा लागला, सोफ्यापुढे मोबाईलचा स्टँड आला, लग्नातला कोट इस्त्री होऊन बाहेर पडला. ‘रणचिंतन’ नावाचं चॅनेल निघालं. प्रत्येक व्हिडिओ एकाच वाक्यानं सुरू होई, “नमस्कार, मी चारुदत्त, आणि मी तुम्हाला सावध करायला आलो आहे.”

ते सांगत ते खोटं नव्हतं, हीच तर पद्मजाबाईंची पंचाईत होती. खेळण्याएवढं यंत्र रणगाडा जाळू शकतं, जंगलात लपलेल्या मूठभर बंडखोरांनाही आता आकाशातून हल्ला करता येतो, बंदुकीच्या आधी फोनवरची अफवा गावात पोचते, हे सगळं खरंच होतं. पण ज्ञानही पचावं लागतं. चारुदत्तरावांना ते बाधलं होतं. गच्चीवरून घार गेली तरी ते डोळे बारीक करून तिची दिशा ठरवत. सकाळी फिरायला येणारी पेन्शनर मंडळी त्यांना ‘जनरल’ म्हणत, आणि हे लाजायचं सोडून मान तुकवत.

झरी जामणी तालुक्यात, जंगलाला लागून, त्यांचं वडिलोपार्जित वावर होतं. जवळच्या तांड्यावरचा अमरसिंग ते बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करी. चारुदत्तरावांच्या लेखी वावर म्हणजे दरवर्षी घरी येणारं तुरीचं पोतं. वडील गेल्यापासून त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. ऊन फार असतं म्हणे. पद्मजाबाई मात्र वर्षाआड एखादी खेप करत, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाखाली बसून मानीबाईच्या हातची भाकर खात. मानीबाई अमरसिंगची बायको. त्यांची लेक पुष्पा फवारणीचा ड्रोन चालवायला शिकली होती, परवाना मिळवला होता, आणि बचत गटाच्या यंत्रानं आसपासच्या गावांत कपाशी फवारत होती. काम झालं की अमरसिंग साहेबांच्या फोनवर व्हिडिओ टाकी, “साहेब, फवारनी झाली.” साहेब तो उघडतही नसत. बटईदाराचा व्हिडिओ काय पाहायचा! पद्मजाबाईच केव्हातरी तो फोन घेऊन बघत आणि हात जोडल्याचं चित्र पाठवून देत.

तर अशा या जनरलांनी एका सोमवारी ‘आकाशातून विष’ नावाचा व्हिडिओ केला. बंडखोर आता शेतीचे ड्रोन वापरून पाणवठ्यांत विष मिसळू शकतात, असा विषय. दाखवायला काहीतरी दृश्य हवं होतं. फोनमध्ये आल्यागेल्याचे व्हिडिओ साठले होते, त्यात एक छान सापडला. काळपट सागवान, त्याच्या कडेनं खाली उतरलेलं यंत्र, मागे पांढऱ्या तुषारांचा पट्टा. माणूस कोणी नाही. सागवान आहे म्हणजे आपल्याच भागातलं, एवढं अनुमान त्यांनी काढलं आणि दणक्यात बोलून टाकलं, “हे दृश्य आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवरचं, माझ्या सूत्रांनी मिळवलेलं. आपापल्या विहिरी सांभाळा!” उचलली जीभ लावली टाळ्याला. रात्री जेवताना त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. चारुदत्तराव संध्याकाळच्या व्याख्यानाची टिपणं काढत होते, म्हणून पद्मजाबाईंनी उचलला.

“बाई, साहेबाले देता का जरा?” अमरसिंगचा आवाज फाटला होता. “पुष्पीले लोकायनं शाळेच्या खोलीत कोंडून ठेवलं. इहिरीत जहर टाकून राह्यली म्हंतेत. कालपासून कोणता तं व्हिडिओ फिरून राह्यला, त्यात आपलंच वावर हाये. पोलिसाचा जमादार एकटाच दारात उभा हाये, त्याचं कोनी आयकत नाई. साहेबानं येऊन सांगतलं का वावर माहं होय, मीच फवाराले सांगतलं, तं पोरगी सुटन.”

“आत्ता निघतो आम्ही,” पद्मजाबाई म्हणाल्या.

“आन बाई,” तो घुटमळला. “थ्या व्हिडिओतला आवाज साहेबासारखाच वाटते. पन म्या सांगतलं सगळ्याइले, आमचा साहेब असं कायले करन?”

पद्मजाबाईंनी तो व्हिडिओ उघडला आणि वावर लगेच ओळखलं. धुऱ्यावरचा मोह, त्याखाली शेंदूर लावलेला दगड, कोपऱ्यातली पडकी झोपडी. त्यांनी फोन टिपणांवर आदळला.

“हे वावर कोणाचं?”

“ते वावर नाही, संवेदनशील क्षेत्र आहे.”

“आपलं आहे! अमरसिंगनं पाठवलेला फवारणीचा व्हिडिओ आहे हा. तुमच्या सूत्रांनी नाही, तुमच्या बटईदारानं. त्याची पोरगी कोंडलीय तिथे लोकांनी.”

चारुदत्तरावांचा चेहरा उतरला. मग त्यांनी जे केलं त्याचा पद्मजाबाईंना जन्मभर राग राहिला. त्यांनी शांतपणे फोन घेतला, व्हिडिओ काढून टाकला आणि म्हणाले, “झालं. विषय संपला.”

“संपला? आता तो हजारांच्या फोनमध्ये आहे. अफवा बंदुकीच्या पुढे धावते, हे तुम्हीच ओरडून सांगता ना?”

“अगं, पण संध्याकाळी व्याख्यान आहे. आजच मी चूक कबूल केली तर माझी विश्वासार्हता...”

“मी गाडी काढते,” पद्मजाबाई म्हणाल्या. “मुकाट्यानं येऊन बसा, नाहीतर हे सगळं मीच तुमच्या चॅनेलवर सांगते.”

जनरल गाडीत बसले. युद्धात पहिला बळी सत्याचा जातो असं ते नेहमी म्हणत, पण मारेकरी पंखा लावून सोफ्यावर बसलेला असतो हे त्यांच्या कुठल्याच व्हिडिओत आलं नव्हतं.

शाळेच्या अंगणात ही गर्दी. पुढे बबनराव, सडकेवरच्या गावचे माजी सरपंच. निवडणूक हरल्यापासून त्यांना गावरक्षणाची फार हौस आली होती. व्हरांड्यात एक हात मोडलेला ड्रोन पडला होता. खोलीच्या दाराशी जमादार घाम पुसत उभा, बाजूला अमरसिंग उकिडवा बसलेला. खिडकीच्या गजांमागे पुष्पा दिसली. ती रडत नव्हती, नुसती पाहत होती.

चारुदत्तराव पुढे झाले आणि बारीक आवाजात म्हणाले, “तो व्हिडिओ माझा आहे. चूक झाली. ती साधी फवारणी होती, माझ्याच शेतातली.”

बबनरावांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. “तुमी कोन?”

“मी चारुदत्त. रणचिंतनवाला.”

“थो मानूस तज्ज्ञ हाये. कोटात बसते, मांग दुनियेचा नकाशा असते. तुमच्या तं तोंडातून आवाज निंगत नाई.” गर्दी हसली. “बरं, वावर तुमचं हाये ना? मंग दाखवा कोणतं थे.”

शाळेच्या पायरीवरून सगळा शिवार दिसत होता. चारुदत्तरावांनी पाहिलं. हिरवं, हिरवं आणि पुन्हा हिरवं. जगातल्या कुठल्याही रणभूमीवर कोणती फौज कुठे उभी आहे हे डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं वावर सापडेना. शेवटी त्यांनी तारेच्या कुंपणाचं, नीटनेटकं एक निवडलं आणि ठामपणे बोट दाखवलं.

“थे माहं होय!” बबनराव गरजले.

लोक पोट धरून हसले. अमरसिंग हसला नाही, त्यानं मान खाली घातली. पद्मजाबाईंनी मोहाकडे हात करून बरोबर वावर दाखवलं, पण तोवर उशीर झाला होता. बाईले पढवून आनलं, असं मागून कोणी म्हणालं, आणि तेच खरं ठरलं.

मग पद्मजाबाईंनी ओळखलं की या लोकांना काय हवं आहे. त्यांनी फोन काढून नवऱ्यासमोर धरला. “आत्ता जे बोललात तेच बोला. घरी बोलता तसं.”

कॅमेरा दिसताच गृहस्थाचा कणा सरळ झाला, कॉलर नीट झाली, आवाज पोटातून आला. “नमस्कार, मी चारुदत्त, आणि मी तुम्हाला सावध करायला आलो आहे. माझ्यापासून!” हे शेवटचं त्यांना कुठून सुचलं देव जाणे, पण पुढे चुकीची सगळी कबुलीही त्यांनी त्याच दणक्यात दिली. पद्मजाबाईंनी पायरीवर उभं राहून, रेंज शोधत तो व्हिडिओ चॅनेलवर टाकला.

आणि मग सगळं अंगण आपापल्या फोनमध्ये डोकं घालून उभं राहिलं. दोन हातांवर माणूस जिवंत उभा होता, तेच बोलून घसा कोरडा करून बसला होता, त्याच्याकडे कोणी बघेना. सगळे पडद्यावरचं गोल चक्र थांबायची वाट पाहत होते. ते थांबलं. “अरे, हा तं थोच होय!” बबनराव म्हणाले. “साहेब, आधीच सांगाचं ना!” जमादारानं कडी काढली.

पुष्पा बाहेर आली, कोणाकडे न बघता ड्रोनजवळ बसली आणि मोडलेला हात वेचू लागली. चारुदत्तराव तिच्यापाशी गेले.

“पोरी, आधुनिक युद्धात अशा चुका होतात बघ.”

पुष्पानं मान वर केली. “कोनाशी होतं युद्ध, साहेब?”

अमरसिंग उठून उभा राहिला, डोक्यावरचा रुमाल त्यानं नीट बांधला.

“यंदाचा कापूस येचून देतो, साहेब. मंग दुसरा मानूस पाहा.”

चारुदत्तरावांनी बायकोकडे पाहिलं. ही समजूत काढेल, नेहमीसारखी.

“बरोबर आहे तुमचं, अमरसिंगभाऊ,” पद्मजाबाई म्हणाल्या.

“अगं, दुसरा माणूस मी कुठून आणू? इथे मला ओळखतं कोण?”

बबनराव आणि दहा-बारा जण त्यांच्यासोबत फोटो काढायला खांद्याला खांदा लावून उभे राहत होते.

“आता सगळे ओळखतात,” पद्मजाबाई म्हणाल्या, आणि पुष्पाला ड्रोन उचलू लागल्या.