मनगटाची फाइल

शुक्रवारी संध्याकाळी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना सुखदेवरावांचं उजवं मनगट मुरगळलं आणि राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये एकच हाहाकार उडाला. हाहाकार करणारे अर्थात ते एकटेच. पण कारणही तसंच होतं. सोमवारी सकाळी केंद्रीय मंत्रालयांमधल्या कॅरम स्पर्धेची फायनल होती आणि जूनमध्ये ते रिटायर होणार होते. म्हणजे ही शेवटचीच. याआधी दोन फायनल ते हरले होते; एकदा बोर्ड ओलसर होता म्हणून, एकदा ट्यूबलाइट डोळ्यांवर येत होती म्हणून. त्यांच्या बायकोला, नीलमला, ही कारणं तोंडपाठ होती.

"आणा इकडे तो हात," ती म्हणाली. "तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीने शेकते."

"मम्मी, बिल्कुल नाही!" लेक मैत्री आतून धावत आली. ती फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात कुणाचं काही दुखलं की तिला मनातून आनंदच व्हायचा. "आत्ताच मुरगळलंय ना? बर्फ लावायचा, बर्फ!"

दुसऱ्या कुणी दोघींपैकी एकीचं ऐकलं असतं. पण सुखदेवराव तेहतीस वर्षं फाइलींमध्ये मुरलेले सेक्शन ऑफिसर. एकट्याच्या जबाबदारीवर त्यांनी कधी पंखासुद्धा बदलून घेतला नव्हता. त्यांनी कोरा कागद घेतला आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: 'विषय: उजव्या मनगटाची इजा. पर्याय (अ) बर्फ, (ब) शेक. अभिप्रायार्थ सादर.'

"अहो, हात आहे तो, टेंडर नाही," नीलम म्हणाली.

"उद्या काही कमीजास्त झालं तर रेकॉर्डवर काहीतरी पाहिजे ना?"

कागद खालच्या मजल्यावर विनय मेश्रामांकडे गेला. ते त्याच ऑफिसातले, त्यामुळे त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. शनिवारी दुपारी ते स्वतः कागद घेऊन वर आले, जयभीम घातला, चहा प्यायले आणि गेले. कागदावर लिहिलं होतं, 'दोन्ही पर्याय विचारार्ह आहेत.' खाली झोकदार सही. मग सुखदेवरावांनी त्याचा फोटो काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेत राहणाऱ्या आपल्या जुन्या साहेबांना पाठवला. साहेबांचं उत्तर आलं: 'प्लीज डिस्कस.'

या सगळ्यात मनगटाला ना बर्फ लागला ना शेक. शनिवारी संध्याकाळी ते पुरीसारखं टम्म फुगलं.

इतका वेळ नीलम तोंडाला पदर लावून हसत होती. पण स्वयंपाकघरातून तिने पाहिलं, सुखदेवराव टेबलावर बाटलीचं झाकण ठेवून ते स्ट्रायकरसारखं मारायला बघत होते आणि बोट वळतच नव्हतं. "राहू दे," ते स्वतःशीच म्हणाले. तिने हात पुसले आणि लेकीला हाक मारली.

"मैत्री, नीट समजावून सांग. बर्फच का?"

"सूज आहे तोवर शेक दिला तर ती वाढते, मम्मी. आधी बर्फ. सूज उतरली की मग तुझा शेक."

नीलमने हार मानली. फ्रीझरमधलं मटारचं पाकीट टॉवेलात गुंडाळून तिने नवऱ्याच्या मनगटावर ठेवलं.

"अगं, पण साहेबांशी अजून डिस्कस..."

"फाइल बंद. सही माझी."

रविवारचा अख्खा दिवस ते पाकीट थोड्या थोड्या वेळाने मनगटावर येत-जात राहिलं. सोमवारी उजाडेपर्यंत सूज जवळजवळ उतरली होती, नुसता ताठरपणा उरला होता. मैत्रीने मान डोलावली आणि नीलमने मोठ्या थाटात मिठाची पुरचुंडी बाहेर काढली. सुखदेवरावांनी बोटं उघडमीट करून पाहिली. मग हळूच विचारलं, "जाऊ का खेळायला? तू सांग."

तिला त्यांचा डाव कळला. हो म्हटलं आणि ते हरले, तर जन्मभर ऐकावं लागणार की तू पाठवलंस म्हणून गेलो.

"याच्यावर माझी सही मिळणार नाही," ती म्हणाली. "हात तुमचा, खेळ तुमचा."

त्यांनी पुरचुंडी मनगटावर दाबून शेक पुरा केला. मग उठले, बूट घातले आणि निघून गेले. नीलमला वाटलं, आपण फार कठोर वागलो. सकाळभर तिचं कशात लक्ष लागेना.

दीड वाजता फोन आला. "हरलो."

"हात दुखत होता का?" तिने घाईघाईने विचारलं. हरण्याचं कारण तिनेच आयतं पुढे ठेवलं होतं, त्यांनी फक्त उचलायचं होतं.

"दुखत होता थोडा," सुखदेवराव म्हणाले. "पण त्यामुळे नाही हरलो. समोरचा पोरगा माझ्यापेक्षा चांगला खेळला, नीलम. काय सुरेख घेतली त्याने राणी!"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. ते जिंकून आले असते तरी तिला एवढा आनंद झाला नसता. पण हे तिने फोनवर सांगितलं नाही. डोळे पुसून ती एवढंच म्हणाली, "लवकर या. मी जेवायची थांबलेय."