टॉवेलाखालचा भाव

सिन्नरच्या बैलबाजारात निवृत्ती दलालासारखा थापाड्या दुसरा झाला नाही. एका फौजदाराला त्याने लंगडा बैल विकला, तो लावणी नाचतो म्हणून. फौजदार महिनाभर बैलापुढे ढोलकी बडवत बसला! आणि निवृत्ती विड्या अशा ओढायचा, की एकदा धुराचे ढग बघून शेजाऱ्यांनी कांद्यावर ताडपत्र्या टाकल्या.

दोन हजार चार साली मात्र त्याचा आवाज बसला तो बसलाच. नाशिकच्या इस्पितळात तपासलं, तर घशाचा कॅन्सर.

डॉक्टर म्हणाले, "लवकर आलात बाबा. सात आठवडे मशीनचा शेक घ्या, आवाज वाचेल. पण विडी चालू राहिली तर शेक नीट लागू पडायचा नाही. मग घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल."

दलालाचा आवाजच गेला तर राहिलं काय? निवृत्तीने तिथल्या तिथे विडीबंडल कचऱ्यात फेकलं. दुसरं कोपरीच्या खिशात होतं, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

विडी सोडवायला तिथे मंजुषाताई होती. इंदिरानगरातून स्कूटीवर यायची, वयाने त्याच्या नातीएवढी. बाकड्यांवर पाच-सहा पेशंट बसवून सांगायची, "तलफ आली की थांबायचं. मनात काय आलंय ते बघायचं. भीती, राग, कंटाळा? त्याला दहापैकी आकडा द्यायचा, जवळच्या माणसाला सांगायचा आणि लांब श्वास घ्यायचे. जरा वेळाने तलफ उतरते. निवृत्तीबाबा, तुमची भीती किती?"

"शून्य!" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "वाघाला बैल म्हणून विकलाय मी, ताई."

सगळे हसले. रोज शून्य सांगायचा, आणि रोज चहाच्या टपरीमागे जाऊन एक विडी ओढायचा.

पहिल्या शेकाच्या दिवशी त्याच्या तोंडावर जाळीचा मुखवटा बसवून त्याला टेबलाला जखडलं. सुटला तसा तो थेट टपरीमागे. विडी ओठांत, पण काडीमागून काडी ओढली तरी एकही पेटेना.

मागोमाग बायको आली, साळूबाई; ताईचे आकडे तिनेही ऐकले होते. तिने विडी हिसकावली नाही. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला.

बैलबाजारात खरा भाव तोंडाने सांगत नाहीत, कपड्याखाली बोटं दाबून सांगतात. तोंडाने हव्या तेवढ्या थापा मारा, पण कपड्याखाली खोटं बोलला त्याला बाजारात कुणी उभं करत नाही. निवृत्तीने चाळीस वर्षांत ते पाप केलं नव्हतं.

"सांगा भाव," साळूबाई म्हणाली.

"कसला?"

"भ्याचा."

त्याने हात ओढून पाहिला. पण जन्मभर म्हशी पिळलेली मूठ ती, पहार वाकवील! त्याने दोन बोटं दाबली.

"नाय पटत."

चार दाबली. ती आभाळाकडे बघत राहिली. मग त्याने अख्खा पंजा दाबला, आणि परत एकदा दाबला. दहा. डोळ्यांत पाणी आलं.

आता टॉवेलाखाली साळूबाईची बोटं हलली.

"अकरा? अगं, ताई म्हणते दहाच्या वर नसतंय!"

"तुमचं नसंल. माझं हाय."

निवृत्ती खो खो हसला, तशी ओठांतली विडी चिखलात पडली. मग दोघांनी लांब श्वास घेतले. दहाचे आठ झाले, सहा झाले. टपरीवाल्याचा चहा उकळेस्तोवर भीती तिनावर आली.

दुसऱ्या दिवशी मंजुषाताई बघते, तर निवृत्तीचं बघून सगळे पेशंट टॉवेलाखाली हात घालून बसलेले. मनमाडचा रंगनाथ, रेल्वेतला रिटायर गडी, भाव सांगताना ताईची बोटं अशी दाबायचा की बिचारीला पेन धरवेना. पण शून्य सांगणारा एकही उरला नाही.

चौथ्या आठवड्यात निवृत्तीने अर्धी विडी ओढलीच. आपणहून जाऊन सांगितलं. ताई रागावली नाही. म्हणाली, "त्या वेळी किती होतं?"

"नऊ. साळू गावी गेली होती."

"मग अशा वेळी माझा हात धरायचा. बोटं सुजली तरी चालतील."

सात आठवडे सरले. पुढे दोन महिन्यांनी डॉक्टरांनी घसा तपासला आणि म्हणाले, "पेटी जागेवर राहिली बाबा. आवाज तुमचाच."

निवृत्ती इस्पितळाच्या अंगणात आला आणि आनंदाने त्याला अशी तलफ आली, की बोटं आपोआप खिशाकडे गेली. साळूबाईने घाईने टॉवेल पुढे केला. त्याने तो बाजूला सारला आणि भर अंगणात ओरडला, "लय भ्यालो होतो गं, साळू! शंभर भ्यालो होतो!"

औषधाच्या रांगेतली सगळी डोकी वळली.

"अवो, हळू!"

"हळू कशाला? आवाज हाय ना!"

आणि तो रांगेतल्या एकेकाला धरून सांगत सुटला, आपण किती भ्यालो होतो ते. शेवटच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर शंभराचे दहा हजार झाले होते.