चालकदोष

“मॅडम, ह्यो दोष कसला म्हणायचा?” धुळामामांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. पडद्यावर लाल अक्षरांत एकच शब्द होता : चालकदोष.

“रेंज कमी आलीय, मामा. एका चार्जिंगमध्ये गाडी एकशे दहा किलोमीटर जायला हवी. या आठवड्यात तुमची सत्त्याण्णवच गेली.”

“माजी?” त्यांनी मागे वळून पाहिले, जणू शेडमध्ये दुसरा कोणी धुळा उभा असावा.

एकशे दहा हा आकडा त्यांच्यामुळेच ठरला होता. तीन वर्षांपूर्वी भूगावच्या या शेडमध्ये इंद्रजित सरांनी विजेवर चालणारी पहिली डिलिव्हरी व्हॅन आणली, ती मामांना मिळाली. नंतर आणखी पाच आल्या. त्या नव्वद किलोमीटरला दम टाकायच्या. मामांची एकशे अठरा जायची. मी फिजिक्सची पदवी घेऊन इथे नोंदी तपासायला लागले होते. मला राहवेना. एक दिवस त्यांच्या शेजारी बसून लवासापर्यंत गेले. मामा चढावर घाई करत नव्हते आणि उतारावर ब्रेकला पायच लावत नव्हते. ॲक्सिलरेटर अलगद सोडला की मोटरच गाडीला आवरते आणि उताराची ताकद बॅटरीत परत जाते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

“उताराला मेंढरं अडवायची न्हाईत,” ते म्हणाले. “म्होरं हुयाचं आन् आपुन हळू चालायचं. ती आपसूक हळू व्हत्यात.”

मी त्यांच्या पायाचा आलेख काढला. सरांनी तो गुंतवणूकदारांना ‘आमच्या सॉफ्टवेअरची करामत’ म्हणून दाखवला. मग एकशे दहा सगळ्यांनाच लागू झाले. सलग दोन आठवडे कमी आले की ड्रायव्हरचे ॲप बंद, आणि ॲपशिवाय गाडीचे दारही उघडत नाही. मामांनी बाकीच्या पाचांना शिकवले. चौघे शिकले. राजूला काढले, तेव्हा मामाच म्हणाले होते, “बरं झालं. ब्रेकवर नाचायचा नुसता.”

पुढच्या सोमवारी व्हॅनच्या नाकावर भंडारा फासलेला होता.

“बानूबाई बिरोबाला जाऊन आली,” मामा बायकोचे नाव घेऊन म्हणाले. “दोष आसंल तर उतरंल म्हनली.”

शेड हसली. सरांनी फोटो काढला. “मामा, थेट हेड ऑफिसला तक्रार केलीत की!” मीही हसले.

त्या आठवड्यात शहाण्णव आले.

मग मात्र मी बॅटरी तपासली. तिची क्षमता ब्याऐंशी टक्क्यांवर आली होती. एकशे अठराचे ब्याऐंशी टक्के म्हणजे सत्त्याण्णवला थोडेच कमी. मामांचा पाय तीन वर्षांपूर्वीइतकाच हलका होता. गाडी म्हातारी झाली होती.

“गणित बरोबर आहे,” सर म्हणाले. “पण कुठे लिहू नकोस. पुढच्या महिन्यात साठ गाड्यांचं फंडिंग आहे. बॅटरी तीन वर्षांत एवढी उतरते म्हटल्यावर कोण येईल दारात?”

“आणि मामा?”

“ड्रायव्हर मिळतो गं. फॉर्मवर दोनच रकाने आहेत, वाहनदोष आणि चालकदोष. तू वाहनदोष लिही. मग त्या गाड्यांवर ज्यांना काम मिळणार होतं, त्या साठ जणांना काय सांगायचं तेही तूच ठरव. काम जाणाऱ्यांत तुझंही नाव धर.”

मी चालकदोषवर खूण केली. त्याला दोन सेकंद लागले.

त्याच्या पुढच्या सोमवारी व्हॅनचे दार उघडले नाही. मामांनी दोनदा मोबाईल पँटला पुसून पाहिला आणि माझ्या टेबलाशी आले.

“काढलं त्याचं कायबी न्हाई, मॅडम. बोकड चुकला तर का चुकला त्ये त्यालाबी कळतं. माजं काय चुकलं तेवढं सांगा. तुमी बघितलाय माजा पाय.”

“उतारावर ब्रेक लागतोय तुमचा.”

“कंच्या उताराला?”

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. “टेमघरच्या,” मी म्हणाले.

“वळन कंचं?”

“धरणाच्या वरचं. तिसरं.”

त्यांनी डोळे मिटले. चपलेतला उजवा पाय फरशीवर हळूच पुढे सरकला, थांबला, परत आला. ते तो अख्खा उतार उतरत होते.

“व्हय,” ते म्हणाले. “तितं लागत आसंल. आता ध्यानात येतंय.”



बाहेर नवा ड्रायव्हर त्यांच्या व्हॅनमध्ये बसला होता. ॲपने त्याला दार उघडून दिले होते. मामा काचेपाशी गेले आणि बोटाने हवेत रस्ता काढू लागले. एक वळण, दुसरे वळण. तिसऱ्यावर बोट थांबले.

“हितं,” ते म्हणाले. “हितं पायाला जप, बाबा.”